अर्ध्या सभेचा अहवाल

अण्णांना जाऊन महिना होऊन गेला. ते माझ्या नात्यातले नव्हते. सोलापुरात आमच्या घरामागच्या बोळात तेलुगू विणकरांची वस्ती होती आणि वस्तीच्या तोंडाशीच अण्णांचे घर. घरात चार माग. मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून त्या घरात जात असे. अण्णा तेव्हा विशीच्या आसपास असतील. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ते विणत बसत आणि मी खड्ड्याच्या काठावर पुस्तक घेऊन बसे. घरी कोणी भांडे ठेवले तरी माझे लक्ष उडे, पण मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या खटखट आवाजात मला वाचायला बरे वाटे. तेलुगू मला कोणी शिकवली नाही. त्या काठावर बसून ती आपोआप आली.

अण्णा मला ‘पंतुलू’ म्हणत. त्यांच्याकडे शाळामास्तराला किंवा शिकलेल्या ब्राह्मणाला असे म्हणतात. मी तेव्हा मराठी दुसरीत होतो, त्यामुळे हाक मारताना त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला हसू येई. पुढे मी मोठा झालो, हसू गेले, हाक राहिली.

हे आधी सांगतो आहे, कारण पुढचे वाचताना मला तेलुगू समजत नव्हती अशी कोणाचीही समजूत होऊ नये.

मॅट्रिक झाल्यावर मी गावातल्या एका साप्ताहिकात लागलो. मुद्रिते तपासायची, पत्रे नीट करायची आणि सभा असली तर जाऊन अहवाल आणायचा, असे काम होते. आमचे संपादक वयाने पन्नाशीचे, अंगाने किरकोळ, तपकिरीचे व्यसनी आणि न्यायाच्या बाबतीत फार कडक होते. म्युनिसिपालिटीची निवडणूक आली की त्यांचा एक नियम असे. कोणत्याही उमेदवाराच्या सभेला चाळीस ओळी. एका वॉर्डात दोन उमेदवार असले तर दोघांचे अहवाल एकाच अंकात, एकाच पानावर, शेजारच्या रकान्यांत. जुळवलेले छपाईचे खिळे दगडी टेबलावर आले की संपादक खणातून एक दोरा काढीत. पहिल्या अहवालावर वरपासून खालपर्यंत दोरा धरायचा, नखाने चिमटून खूण करायची आणि तोच दोरा दुसऱ्यावर लावायचा. अर्धी ओळ जास्त भरली तरी ते म्हणत, “काढ. कुणाला बोट दाखवायला जागा नको.”

कधी एखाद्या उमेदवाराचा माणूस तक्रार घेऊन आला तर संपादक त्याच्या हातात दोरा देत. “घ्या, तुम्हीच मोजा.” तो मोजी आणि गप्प होऊन जाई. गावात आमच्या पत्राचे नाव या दोऱ्यामुळे होते. मलाही त्याचा अभिमान होता. मी पुस्तकांत राहणारा माणूस; माणसांच्या भांडणात न्याय कसा करायचा हे मला कधी कळले नाही, आणि इथे तो एका दोऱ्यावर होत होता.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी आमच्या वॉर्डात दोन उमेदवार उभे राहिले. एक वकील होते आणि दुसरे अण्णा.

वकिलांचे घर पेठेत होते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत तीन भिंतींना कपाटे होती आणि कपाटांत पुस्तके. मी पत्रात लागल्यापासून ते मला पुस्तके नेऊ देत. एका वेळी दोन न्यायची, परत आणताना त्यावर थोडे बोलायचे. माझ्या आयुष्यात तोवर मला कोणी असे विचारले नव्हते की, ‘हे वाचून तुम्हाला काय वाटले?’ ते मला ‘तुम्ही’ म्हणत. निवडणुकीच्या काळातही त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितले नाही. त्यांनी मागितले असते तर मी सावध झालो असतो, असे मला वाटते. पण त्यांनी नुसते पुस्तक पुढे केले.

एकदा मात्र बैठकीत चार-पाच मंडळी असताना कोणीतरी म्हणाले, “अहो, हे तेलुगू घडाघडा बोलतात, माहीत आहे का?”

वकील हसून म्हणाले, “हो का? मग हे आपल्याला परके झाले. यांचं मत तिकडेच जाणार!”

सगळे हसले. मीही हसलो. ती थट्टाच होती. पण घरी जाताना माझे कान गरम झाले होते. मला त्या खोलीतला व्हायचे होते.

त्याच आठवड्यात अण्णा माझ्याकडे आले होते. म्हणाले, “पंतुलू, मला सभेत शुद्ध मराठी बोलावं लागंल. तू लिहून दे, मी पाठ करतो.” मी सांगितले की मी पत्रात आहे, मला कोणत्याच उमेदवाराचे भाषण लिहून देता येणार नाही. ते लगेच म्हणाले, “बरोबर आहे, बरोबर आहे. तुझ्यावर बट्टा नको.” आणि गेले. दोन दिवसांनी वकिलांच्या बैठकीत त्यांचे लिहिलेले भाषण नुसते वाचायला म्हणून माझ्या हातात आले आणि मी त्यातली दोन-तीन वाक्ये नीट करून दिली. ती मदत होती असे मला तेव्हा वाटले नाही. कागद समोर होता आणि वाक्ये अडखळत होती, म्हणून मी हात लावला, एवढेच.

वकिलांची सभा शाळेच्या सभागृहात झाली. नागरिकत्व, स्वच्छता, शिक्षण, असे मुद्देसूद बोलले. चाळीस ओळी सहज भरल्या. उलट दोन मुद्दे कसे बसवायचे याचीच मला काळजी पडली.

अण्णांची सभा दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळासमोरच्या मोकळ्या जागेत होती. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाल्यावर माणसे जमू लागली. पुढे वस्तीतली मंडळी मांडी घालून बसली. मागे पेठेतले मराठी व्यापारी, कारकून, मास्तर उभे राहिले. त्या काळी घरपट्टी भरणाऱ्यालाच मत असे. वस्तीत बहुतेकांना मत नव्हते, मत होते ते मागे उभ्या असलेल्यांना. ही गोष्ट अण्णांनाही ठाऊक होती. म्हणून तर त्यांनी एका शाळामास्तराकडून मराठी भाषण लिहून घेतले होते. मास्तरांनी ते फार जड लिहिले होते. अण्णांच्या अंगात कोणाचा तरी कोट होता, खांद्यावर घट्ट आणि बाह्यांना आखूड.

त्यांनी सुरुवात केली. दोन वाक्ये नीट गेली. तिसऱ्या वाक्यात ‘सार्वजनिक आरोग्य’ हे शब्द आले आणि पुढचे काही आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिले. पुन्हा तिथेच थांबले. मागून कोणीतरी ओरडले, “काय हो, धोटा अडकला का?” हशा झाला. अण्णांनी कपाळ पुसले आणि खाली बसले.

मागच्या लोकांना वाटले सभा संपली. बरेचसे निघून गेले. मी वही मिटली होती. तेवढ्यात अण्णांच्या भावाने त्यांना पाणी दिले आणि कानाशी काही तरी म्हणाला. अण्णा उठले. कोट काढून भावाच्या हातात दिला आणि तेलुगूत बोलू लागले.

ते तासभर तरी बोलले असतील. आमच्या भागातल्या रंगाच्या भट्ट्यांचे पाणी उघड्या गटारातून बोळात येई आणि पाऊस झाला की गटार भरून मागांच्या खड्ड्यांत शिरे. विणणाऱ्याचे पाय दिवसभर त्यात. सूत कुजे ते वेगळेच. हेच गटार पुढे पेठेतून जाई आणि तिथल्या विहिरीच्या अगदी काठाला लागे. अण्णा म्हणाले, हे आम्ही वीस वर्षे रडून सांगतो आहोत, आता रडायचे नाही, मी उपाय आणला आहे. भट्ट्यांपासून मागच्या पडीक जागेतून ओढ्यापर्यंत त्यांनी आणि भावाने मिळून एक हातभर रुंदीची चारी खणून पाहिली होती. उतार आहे की नाही ते कळावे म्हणून त्यात लाल रंगाचे तीन घागरी पाणी ओतले होते. “माझा भाऊ ओढ्याकडे पळत सुटला,” अण्णा म्हणाले, “पाणी पोचतंय का बघायला. आणि हा पोचायच्या आधीच पाणी ओढ्यात! हा ठेचकाळून लंगडत आला, पाणी नाही लंगडलं.” सगळी सभा हसली. भाऊ कोट धरून लाजत उभा होता. मग चारी कुठून वळवायची, कोणाच्या जागेतून जाते, कोणाची परवानगी लागेल, हे सगळे त्यांनी एकेक करून सांगितले. शेवटी म्हणाले, “मला मराठी बोलता येत नाही हे आज सगळ्यांनी बघितलं. पण गटाराला बोलणं कळत नाही, उतार कळतो.”

मी एका कोपऱ्यात उभा राहून शब्दन्‌शब्द ऐकला. इतके चांगले भाषण त्या निवडणुकीत दुसरे झाले नाही. हेही मला त्याच वेळी कळले होते.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायला बसलो. आपले पत्र मराठी आहे, तेव्हा मराठीत झाले तेवढेच द्यावे, असा मी स्वतःशी नियम केला. असा नियम पत्रात कधीच नव्हता. मराठी भाग पाच मिनिटांचा, आणि ओळी चाळीस. मग मी त्या ओळी भरल्या. जागा कशी होती, माणसे किती दाटीने बसली होती, उमेदवारांचा कोट कसा आखूड होता, घाम कसा पुसला, शब्द कुठे अडला, मागून कोण काय म्हणाले. धोट्याचा विनोदही घातला. शेवटचे वाक्य असे होते: ‘पुढील शब्द न आठवल्यामुळे उमेदवार खाली बसले.’

यात एकही अक्षर खोटे नव्हते. लिहिताना मी हे स्वतःला दोन-तीनदा सांगितले.

आमचा कंपोझिटर मुसलमान होता, राहायला त्याच वस्तीच्या पलीकडे. खिळे जुळवून झाल्यावर तो माझ्याकडे कागद घेऊन आला. “पंडितजी, इतकाच है?”

“हो. का?”

“मैं था ना वहाँ. मेरेकू समझा नहीं, पर बहोत देर बोले वो.” मग कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “बैठे सो लिखे, उठे सो नक्को क्या?”

मी म्हणालो, “चाळीस ओळी झाल्या.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि “हौ, वो तो हुए,” असे म्हणून गेला.

संपादकांनी दोरा लावला. दोन्ही अहवाल बरोबर एका मापाचे निघाले. “एक ओळही काढावी लागली नाही,” ते मला म्हणाले, “आता तुझा हात बसला.” मला त्या वेळी बरे वाटले. हे लिहायला लाज वाटते, पण बरे वाटले.

अंक बाहेर पडल्यावर ‘धोटा अडकला’ हे गावभर झाले. सभेला नसलेले लोकही ते म्हणू लागले. पेठेतून अण्णा जाऊ लागले की दुकानांतून कोणीतरी नुसते “खट्” म्हणे आणि थांबे. अण्णा हसत. मी हे एकदा स्वतः पाहिले आणि दुसऱ्या गल्लीत वळलो.

मतदानाला दहा-बारा दिवस होते, मध्ये एक अंक यायचा होता. अण्णा सकाळी माझ्या घरी आले. ओसरीवर बसले. अंक घडी करून कोपरीच्या खिशात होता. त्यांनी तो कोणाकडून तरी वाचून घेतला होता.

“पंतुलू,” ते तेलुगूत म्हणाले, “मी खाली बसल्यावर तू गेलास का?”

“नाही. होतो.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

त्यांनी मान हलवली. राग दिसला नाही. दिसला असता तर मला सोपे गेले असते. जरा वेळाने म्हणाले, “मग उरलेलं पुढच्या अंकात येईल का? माझ्यासाठी नको. गटाराचं तेवढं दे. पेठेतल्या लोकांना माहीतच नाही की ते पाणी त्यांच्या विहिरीलाही लागतं. त्यांनी वाचलं की मत कुणालाही देऊ देत.”

मी म्हणालो, “संपादकांना विचारून सांगतो.”

मी विचारले नाही. तीन दिवस कचेरीत संपादक माझ्यासमोर, पाच हातांवर बसत होते. मी रोज ठरवी आणि रोज काहीतरी दुसरे विचारी. विचारले तर ते काय म्हणतील ते मला पक्के ठाऊक होते. त्यांनी तपकिरीची डबी खाली ठेवली असती, मला दोन शब्द सुनावले असते, आणि भाषण छापले असते. मग मी मुद्दाम अर्धाच अहवाल लिहिला होता हे वकिलांच्या बैठकीत कळले असते, संपादकांना कळले असते, सगळ्यांना कळले असते.

चौथ्या दिवशी मी अण्णांच्या घरी गेलो. ते खड्ड्यात बसले होते. मी काठावर बसलो नाही, उभा राहिलो.

“संपादक नाही म्हणाले,” मी सांगितले.

“का?”

“एका सभेला एकदाच जागा. नियम आहे त्यांचा.”

धोटा दोन-चार वेळा इकडून तिकडे गेला. मग अण्णा म्हणाले, “तू विचारलंस ना? झालं तर. तू काय करणार?”

अण्णा पडले. फार मतांनी नाही. वकील निवडून आले आणि खरे सांगायचे तर त्यांनी वाईट काम केले नाही. शाळेला खोल्या वाढवल्या, आणि दोन वर्षांनी एक सार्वजनिक वाचनालय काढले. त्यासाठी त्यांना माणूस हवा होता. त्यांनी मला बोलावले. गेली किती तरी वर्षे मी त्याच वाचनालयात आहे. सकाळी कुलूप मी काढतो, पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत. मला जे आयुष्य हवे होते ते मिळाले. गटार जिथे होते तिथेच राहिले. विहिरीचे पाणी बिघडले तेव्हा पेठेतल्यांनी ती बुजवली आणि नळावर रांग लावू लागले. कारण कोणी विचारले नाही.

अण्णा पुन्हा कशालाही उभे राहिले नाहीत. वस्तीतल्या पंचायतीत बोलायची वेळ आली तरी भावाला पुढे करीत. माझ्याशी मात्र पूर्वीसारखेच वागत. वाचनालय उघडल्यावर एकदा पाहायला आले. चपला बाहेर काढून आत फिरले, कपाटांवर हात फिरवला, आणि विचारले, “तेलुगू पुस्तक आहे का?” नव्हते. मी पुढे खटपट करून डझनभर तेलुगू पुस्तके आणली, एक तेलुगू वृत्तपत्रही सुरू केले. लोक म्हणाले, किती उदार मनाचा माणूस. मी ऐकून घेतले.

दर पावसाळ्यात अण्णांच्या घरी खड्ड्यांत रंगीत पाणी साचे. डब्याने ते उपसून टाकीत आणि पुन्हा पाय सोडून बसत. शेवटची तीन वर्षे पाय सुजत होते. नंतर दमही लागू लागला. ओल आणि दमा यांचा संबंध डॉक्टर सांगतील. मला त्यातले कळत नाही. मला एवढेच कळते की तिथे मी पाय सोडून बसत नव्हतो.

ते गेल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी त्यांचा भाऊ वाचनालयात आला. तोही आता पिकला आहे. दारातच उभा राहिला.

“पंतुलू, अण्णाबद्दल पेपरात चार ओळी लिवा की. तुमीच लिवा. दुसऱ्याला कुटं म्हाईत?”

मी हो म्हणालो. आमचे जुने साप्ताहिक अजून निघते. संपादकांचा पुतण्या चालवतो.

“पण एक हाय,” भाऊ म्हणाला, “त्या म्हाताऱ्या संपादकाला म्हाईत पडाय नको. अण्णाला लई राग होता त्याचा. मरस्तवर तो पेपर घरात येऊ दिला न्हाय. म्हणायचा, आमच्या पंतुलूनं सगळं लिवलं असतं, त्या म्हाताऱ्यानं आडवलं. दोऱ्यानं मोजतो म्हणं! माणूस मोजाय येतंय का दोऱ्यानं? लई शिव्या घालायचा. तुमच्याबद्दल मातर कधी वाकडं बोलला न्हाय.”

 त्याही दिवशी मी खरे सांगितले नाही.

इतकी वर्षे मला वाटत होते की मी एका माणसाचे नुकसान केले. त्या दारात उभे राहून कळले की दोघांचे केले होते. माझ्या एका वाक्याने अण्णांनी एका सज्जन माणसाचा द्वेष केला, तो घेऊन ते गेले, आणि त्या सज्जन माणसाला त्याचा पत्ताही नव्हता.

चार दिवसांनी मी संपादकांच्या घरी गेलो. त्यांना आता फारसे दिसत नाही. माचावर बसून असतात. आवाजावरून माणूस ओळखतात. मी सगळे सांगितले. कुठे थांबावे ते कळत नव्हते म्हणून वकिलांच्या पुस्तकांपासून सांगितले.

त्यांनी मध्ये न अडवता ऐकून घेतले. मग म्हणाले, “तू विचारलं असतंस तर मी छापलं असतं.”

“ते मला माहीत होतं,” मी म्हणालो, “म्हणूनच विचारलं नाही.”

“आणि मी त्या अहवालाला दोरा लावला.” त्यांनी डबीसाठी हात फिरवला, मी ती हातात दिली. “लावला ना? दोन्ही सारखे भरले. मी तुला शाबासकी दिली असेल.”

“दिली होती.”

“गाढव!” ते मला म्हणाले की स्वतःला, ते मला कळले नाही. नंतर आवाज एकदम बदलून, पूर्वी कचेरीत विचारीत तसे, म्हणाले, “काय बोलला होता तो? सांग.”

मी सांगू लागलो. खड्डे, विहीर, तीन घागरी, लाल पाणी, पळत गेलेला भाऊ. ते मान हलवीत होते. मग चारी कुठून वळवायची तिथे आलो आणि थांबलो. पडक्या आडापाशी की चिंचेपाशी? त्या जागेचा मालक कोण होता? मी डोळे मिटून पाहिले. अण्णांचा हात दिसत होता, त्यांनी तो कुठे दाखवला होता तेही दिसत होते, पण शब्द गेले होते. जे एकट्याने जपायचे म्हणून माझ्याकडे राहिले होते तेसुद्धा मी पुरे जपले नव्हते.

“गटार अजून तिथंच आहे ना?” संपादकांनी विचारले.

“तिथंच आहे.”

“मग ही मेलेल्या माणसाची बातमी नाही. भावाला विचारून ये आणि पुरतं लिही. पुतण्याला मी सांगतो. आणि भावाला हेही सांग, जे मला सांगितलंस ते.”

मी त्याच दुपारी गेलो. भाऊ अण्णांच्या मागावर बसला होता. मी काठावर उभा राहून सांगितले. संपादकांना मी विचारलेच नव्हते, अण्णांना खोटे सांगितले, असे सरळ दोन वाक्यांत. त्याचा हात थांबला. त्याने वर पाहिले नाही. उभ्या ताण्याचा एक धागा तुटला होता, तो त्याने शोधला, जोडला, बोटाने ओढून पाहिला.

“अण्णा गेला आन् मग सांगताय,” तो म्हणाला.

“हो.”

“त्यो असता तर सांगितलं असतं?”

“नसतं.”

घरात अण्णांची बायको जवळच चाकावर सुताच्या कांड्या भरत होती. तिचे चाक फिरायचे थांबले होते.  माझ्याजवळ वही होती, पण ती काढायचा धीर होत नव्हता. शेवटी मी विचारले की चारी कुठून वळवायची म्हणाले होते अण्णा, मला ते लिहायचे आहे, सगळे लिहायचे आहे, मी काय केले त्यासकट.

“आता कुणाला पाहिजे ते?”

“गटार तिथंच आहे.”

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा पाहिले. बघत राहिला. मग धोटा बाजूला ठेवला, खड्ड्यातून पाय वर घेतले आणि म्हणाला, “मराठीत न्हाय सांगणार. तेलुगूत सांगीन. अण्णानं जसं सांगितलं तसं. एक शब्द सोडला तर उठून जा.”

आणि तो तेलुगूत सांगू लागला, हळूहळू, प्रत्येक वाक्यानंतर थांबून, माझा हात चालतो आहे की नाही ते पाहत. मी जमिनीवर बसून लिहीत होतो.